दुपारची छकुली

१

छकुली हे काही पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघ्यांना पट्टा बांधून फिरणाऱ्या, केसांना रंग लावायचाही कंटाळा आलेल्या बाईचं नाव नव्हे. पण आईने एकदा ठेवलं ते ठेवलं. शेंडेफळाचं लाडाचं नाव शेंडेफळ सुरकुतलं तरी सुटलं नाही. शिवाय त्या नावाने हाक मारणारी आता दोनच माणसं उरली होती, एक आई आणि दुसरा परमुलखातला दादा. तेव्हा आपणही तिला छकुलीच म्हणू.

छकुली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर उभं राहायचं, समोरच्याच्या डोळ्यांपुढे काचा बदलत राहायच्या आणि विचारायचं, "हे स्पष्ट की हे? हे बरं की आधीचं?" संध्याकाळपर्यंत जीभ टाळ्याला चिकटायची. घर जवळच होतं, म्हणून जेवणासाठी दुकान बंद झालं की धावत घरी यायचं, आईला भरवायचं, कूस बदलायची, पाय चेपायचे आणि घास गिळत पुन्हा धावत सुटायचं. संध्याकाळी पुन्हा तेच, वर स्वयंपाक, कपडे आणि औषधं. कधी कधी जिन्यातच तिला वाटायचं, इथेच बसावं आणि उठूच नये.

आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती. डोळे त्याच्या आधीच गेलेले. मुलगी साऱ्या गावाचे डोळे तपासते आणि आईला उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण कान मात्र असे तिखट की शेजारच्या घरात कुणी उसासा टाकला तरी हिला कळायचं. छकुली चालताना डावी टाच जराशी फरफटवायची. तेवढ्यावरून आई पलंगावरून म्हणायची, "आलीस का गं छकुले? आज फार दमलीस."

खरं सांगायचं तर सगळ्या दिवसात छकुलीला हवं असायचं ते एवढंच. लग्न झालं नाही, मैत्रिणी आपापल्या संसाराला लागल्या, दुकानात ती मॅडम आणि इमारतीत 'त्या वरच्या बाई'. तिचं पाऊल ओळखणारं माणूस जगात एकच होतं. त्या एका माणसासाठी ती सगळं करत होती आणि ते करता करता पार मेटाकुटीला आली होती.

२

मग दादाने घर शहाणं करून दिलं. लांब राहणाऱ्या भावांना अशी हौस फार. स्वतः यायला जमत नाही ना, मग काहीतरी पाठवायचं.

ती यंत्रणा बसवायला आलेला माणूस दिवसभर जमिनीखाली, भिंतीत, पलंगाखाली काहीबाही चिकटवत होता. जाताना म्हणाला, "ताई, याला काही शिकवत बसायचं नाही. तुम्ही फक्त राहा. कोण कसं चालतं, कुणाला केव्हा काय लागतं, ते त्याचं ते शिकतं."

"आणि चुकलं तर?"

"शंका आली की विचारेल. तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं. लहान मुलासारखं आहे हो."

"लहान मुलं विचारून विचारून जीव खातात," छकुली म्हणाली. तो हसला आणि हत्यारांची पेटी उचलून गेला.

पण घर खरंच गुणी निघालं. छकुली आत आली की तिच्या पावलांपुढे बोळातले जमिनीलगतचे दिवे एकेक करून लागत. ती स्वयंपाकघरात पोचायच्या आत किटलीतलं पाणी गुणगुणायला लागलेलं असे. पलंग आईची कूस आपणहून बदलायचा. आईला गार वाटलं की खोली ऊबदार व्हायची, आईने तोंड उघडायच्या आधीच. पहिल्या आठवड्यात एकदा छकुली स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली आणि तिला उगाच रडू आलं. कुणीतरी आपल्या हातातलं ओझं न मागता घेतलंय, ही गोष्टच तिला नवी होती.

कधीमधी संध्याकाळी भिंतीतून एक मऊ आवाज विचारायचा. खिडकी सकाळी तुम्ही उघडलीत का? हा मोठा दिवा तुम्हाला नको आहे का? छकुली भांडी घासता घासता "हो, हो" म्हणायची आणि तो गप्प बसायचा.

३

एके दिवशी शाळेतली पोरं रांगेने डोळे तपासायला आली आणि छकुलीला दुपारी घरी जाताच आलं नाही. आईच्या हाताशी दूध आणि बिस्किटं असायची तेवढाच आधार. संध्याकाळी ती जिना चढली ती बोलणी खायच्या तयारीनेच.

"आई, आज दुपारी..."

"काय सुरेख पाय चेपलेस गं आज," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरलेला नव्हता, उलट तुकतुकीत दिसत होता. "डोळाच लागला माझा. केव्हा गेलीस तेही कळलं नाही."

छकुली दारातच उभी राहिली. आईला स्वप्न पडलं असणार. किंवा पलंग. हो, पलंगाला खाली रूळ होते, थरथरायची सोय होती, ते त्या माणसाने दाखवलं होतं. आंधळ्या माणसाला रूळ काय आणि हात काय. तिने आईचं पांघरूण सारखं करायला घेतलं आणि तिला पायमोजे दिसले.

आईच्या पायांत मोजे होते. वरची कड एकदाच दुमडलेली, लवचीक पट्टी पोटरीत रुतू नये म्हणून छकुली दुमडायची तशी. सकाळी तिने मोजे घातले नव्हते. निदान घातल्याचं आठवत नव्हतं. आईचे हात तर गुडघ्यापर्यंतही पोचायचे नाहीत. मग सकाळीच घातले असतील, ती स्वतःला म्हणाली. हल्ली आपलं डोकं ठिकाणावर असतं कुठे? परवा चष्म्याची पेटी आपण फ्रिजमध्ये ठेवली होती.

"काय गं, गप्प का?" आई म्हणाली. "तूच होतीस ना?"

आता म्हाताऱ्या माणसांशी ज्यांचा संसार आहे त्यांना हे सांगायला नको. नाही म्हटलं की का नाही, मग कोण होतं, मग तू आलीच नाहीस म्हणजे मी मेले काय आणि जगले काय, असा तास जातो. हो म्हटलं की चहा टाकता येतो.

"हो आई. मीच होते."

ती भांडी घासत असताना घराने विचारलं, "दुपारी आईंजवळ तुम्हीच होतात ना?"

"हो रे बाबा, मीच," छकुली म्हणाली आणि नळ मोठा सोडला.

४

दुकानात मागच्या बाजूला काचा घासणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. छकुलीने त्यांना थट्टेवारी नेऊन सांगितलं, "मामा, आमचं घर आता आईचे पाय चेपायला लागलंय."

"मग तोंड वाकडं कशाला? आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," मामा म्हणाले. "जरा आमच्याकडे पाठवा त्याला. आमची ही म्हणते, मी पाणीसुद्धा हातात देत नाही."

"पण आईला वाटतं ती मीच. घरालाही. मी दोघांनाही हो म्हणून टाकलं."

मामांनी यंत्र थांबवलं. "हे नाही बरं केलंत. अहो, गिऱ्हाईक दमलं की काय करतं? 'हेच बरं, हेच बरं' म्हणून सुटका करून घेतं. मग त्या नंबरची काच माझ्याकडे येते. एकदा घासली की घासली, मॅडम. पातळ झालेली काच मला पुन्हा जाड करता येत नाही."

छकुली हसली, पण ते तिला लागलं. आज घरी गेलं की सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं.

पण त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. "छकुले, माफ कर गं मला," दादा म्हणाला. मागच्या खेपेला हाच दादा, आई दिवसभर एकटी पडलेली असते म्हणून तिला वाट्टेल ते बोलला होता. "घर मला सगळं कळवतं. रोज दुपारभर आईपाशी बसतेस म्हणे. दुकान सांभाळून कसं जमवतेस?"

छकुलीने तोंड उघडलं. बोलायचं ते ओठांवर होतं. पण दादाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी चांगलं म्हटलं होतं, आणि ते शब्द तिने उन्हातून आलेल्या माणसाने पाणी प्यावं तसे घेतले.

"जमवते रे कसंतरी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद झालं. घराकडे जायचं, तर पाय उचलेना. मागच्या खोलीतल्या बाकावर ती घटकाभर आडवी झाली. आईजवळ कुणीतरी असेलच, हा विचार तिच्या मनात आला आणि त्या विचारासरशी झोप लागली. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने उशाला स्वेटर घेतला.

५

आई सुधारली. नीट जेवायला लागली, पडून राहून झालेली पाठीवरची जखम भरत आली, केस विंचरलेले असायचे. छकुलीने कुरकुर करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी संध्याकाळी जिना चढताना ती मध्येच थांबायची.

"दुपारची तू बरी असतेस," आई एकदा म्हणाली. "निवांत बसतेस, माझं ऐकतेस. संध्याकाळी आलीस की नुसती वसवस. जणू मी तुझ्या डोक्यावर बसलेय."

"दुपारी काय बोलतो गं आपण?"

"विसरलीस? अगं, तू लहानपणी तापात बडबडायचीस ते सांगितलं ना मी तुला काल. किती हसलीस."

छकुलीला ती तापातली बडबड ठाऊक नव्हती. आईने तिला ते कधी सांगितलं नव्हतं. तिने कधी विचारलंही नव्हतं, हेही तितकंच खरं.

मग एका संध्याकाळी बोळातले दिवे लागले नाहीत. छकुली अंधारात भिंत चाचपत पुढे गेली, चपलांच्या खणाला गुडघा आपटला. किटली गार होती. आणि आतून आईचा आवाज आला, "कोण आहे?"

"आई, मी."

"मी कोण?"

"अगं, छकुली. माझं पाऊल नाही का ओळखलंस?"

"वेगळं वाटलं," आई म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. 'आज फार दमलीस' असं काही ती म्हणाली नाही.

छकुली पलंगाच्या कडेवर बसली. दम खाऊन तिने सगळं सांगितलं. दुपारी मी नसते, आई. मी दुकानात झोपते. जी कोण येते ती मी नव्हे.

आई म्हणाली, "नसती थट्टा करू नकोस. मी विचारलं तेव्हा तूच म्हणालीस, मीच होते."

"दमले होते गं. म्हणून म्हटलं."

"आणि आता दमलीस म्हणून हे म्हणतेस."

छकुली स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "ऐक. दुपारी आईजवळ असते ती मी नाही. मी चुकून हो म्हटलं. नाही. नाही म्हणतेय मी."

मग तो मऊ आवाज म्हणाला, "छकुली आत्ता आईंजवळ बसल्या आहेत."

ती धावत खोलीत गेली. आई एकटीच होती, डोळे मिटून, शांत. फक्त पलंगाच्या कडेला, छकुली मघाशी बसली होती तिथे, गादी अजून दबलेली होती. घरासोबत आलेली ही नवी गादी माणूस उठल्यावर हळूहळूच वर येते, हे तिला माहीत होतं. गादी वर यायची वाट पाहत ती उभी राहिली, पण शेवटी पाय भरून आले आणि ती निघून गेली.

६

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती बाकाकडे गेलीच नाही. मामांना म्हणाली, "घरी जाऊन येते." मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी येऊ का?" तिने नको म्हणून मान हलवली. आपल्याच घरी जायला सोबत कसली?

दार आपणहून उघडलं नाही. पिशवीच्या तळाशी जुनी किल्ली शोधावी लागली. बाहेर लख्ख ऊन होतं, पण पडदे ओढलेले असल्यामुळे बोळात मळकट उजेड होता. ती चपला काढून उभी राहिली. चपला का काढल्या, आवाज होऊ नये म्हणून की सवयीने, ते तिचं तिलाच कळलं नाही.

आतून आईचं हसू ऐकू येत होतं. असं हसू तिने कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. आई काहीतरी सांगत होती, मध्येच थांबत होती, दुसऱ्याचं बोलणं ऐकायला माणूस थांबतं तशी, आणि पुन्हा हसत होती. दुसरा आवाज काही येत नव्हता. म्हातारं माणूस एकटं पडलं की स्वतःशी बोलतं. त्यात भ्यायचं काय आहे? छकुलीने मनाला समजावलं आणि एक पाऊल पुढे टाकलं.

त्याच वेळी आईच्या खोलीच्या दाराशी जमिनीलगतचा दिवा लागला. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्या पुढचा. दिवे खोलीपासून स्वयंपाकघराकडे चालले होते, एक चटकन आणि एक जरा रेंगाळून, पुन्हा एक चटकन आणि एक रेंगाळून. जमिनीवर काहीतरी फरफटल्याचा हलका आवाज येत होता. ती चाल छकुलीने दुसऱ्या कुणाची कधी पाहिली नव्हती, आणि स्वतःची कुणाला दिसते? स्वयंपाकघरात किटली गुणगुणायला लागली. थोड्या वेळाने दिवे तसेच परत फिरले आणि खोलीत शिरून विझले.

छकुली भिंतीला धरून खोलीच्या दाराशी पोचली.

आई कुशीवर होती, दाराकडे तोंड करून. कडेला गादी खोल दबलेली होती. आईचा हात त्या खळग्यावर अधांतरी होता, आणि बोटं हळूहळू हलत होती, मागे, पुढे, पुन्हा मागे. पोराने दमून मांडीत डोकं टाकलं की आई केसांतून हात फिरवते, तशी. बोटं चादरीपर्यंत पोचत नव्हती. मध्ये काहीतरी होतं आणि बोटं त्यावर थांबत होती. एकदा आईने बोटं जराशी वर उचलली, तेव्हा खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उन्हात त्यांच्याभोवती काहीतरी बारीक, पांढरं पडलेलं, क्षणभर चमकलं. ते केसच होते, असं ती शपथेवर सांगू शकली नसती.

७

"आई," छकुली म्हणाली.

आईचा हात थांबला. "कोण गं? कोण आहे दारात?"

"मी, आई. छकुली. खरी."

आई हसली, पण जरा घाबरून, आणि त्या खळग्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस का? छकुली म्हणे." मग आवाज चढवून म्हणाली, "अहो बाई, तुमचं घर चुकलंय. माझी मुलगी इथेच आहे."

छकुली पुढे झाली. तिने आईचा मोकळा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. कपाळाला लावला, गालाला लावला. "बघ ना, माझाच हात आहे. बघ की गं आई. मीच करते तुझं सगळं. मीच केलं!" ती आता ढसाढसा रडत होती. आईने हात सोडवून घेतला. जोराने नाही. अनोळखी माणूस गळ्यात पडलं तर सभ्य माणूस सोडवून घेतं तसा.

"किती गार पडलेत हात," आई म्हणाली. तिची भीती ओसरली होती. अंध डोळे छकुलीच्या अंगावरून कुठेतरी पलीकडे लागले होते, पण ती कान देऊन ऐकत होती. छकुलीचा धपापता श्वास, नाक ओढणं, गुडघ्याची कटकट. "दमलेली दिसते बिचारी. बाई, तुम्ही बसा पाहू घटकाभर. खुर्ची असेल तिथे. तुमच्या घरी नाही का कुणी?"

खुर्ची तिच्या मागेच होती. पळावं, मामांना बोलवावं, दादाला फोन करावा, सगळं डोक्यात आलं. पण इतक्या वर्षांत तिला या घरात कुणी बसा म्हटलं नव्हतं. तिचे पाय तिच्या नकळत वाकले आणि ती बसली.

"छकुले," आई मायेने म्हणाली, खळग्याकडे वळून, "ऊठ गं माझी बाय. त्या बाईंना पाणी दे."

गादी हळूहळू वर आली. पलंगाच्या पायथ्याशी जमिनीलगतचा दिवा लागला, मग खुर्चीकडचा पहिला लागला, आणि जरा रेंगाळून दुसरा.